मागच्यांसाठी

पहाटे पाच दहा. जेहान सर्कल.
मी वीस मिनिटं आधीच पोचलेले.
लग्नघरी ओळखीचं कुणी नसलं
की चपला काढायला आपण उगीच वेळ लावतो,
तशी चेन तपासत बसले.

सायकल भावाची. ब्रेकचे पॅड नवे,
हे कुणी न विचारता तिघांना सांगून झालं.

मग दगूअण्णा खैरनार आले.
सातपूरला लेथवर चौतीस वर्षं,
आता रिटायर, पोटऱ्या मात्र अजून ड्युटीवर.
बाजारात कलिंगड बघतात तशी
माझी दोन्ही चाकं दाबून पाहिली.
"नवीन?"
"हो."
"शेवटून दुसरी राहा. शेवटचा इरफान.
तो कुणाला मागे सोडत नाही,
तेव्हा घाबरून पुढच्याच्या अंगावर जायचं नाही."

सोमेश्वर मागे पडलं. दिवे अजून चालूच.
नियम वाटेत मिळत गेले, सुट्ट्या पैशांसारखे.
अचानक ब्रेक मारायचा नाही.
नाक शिंकरायचं तर आधी रांगेबाहेर.
जोर दाखवायचा नाही; चढावर तो दिसतोच,
नसला तरी दिसतो.

आणि अण्णांचा हात.
लहान मुलाला गुपचूप लिमलेट द्यावी
तसा पाठीमागे यायचा.
बोट खाली: खड्डा.
तळवा हलला: खडी.
तो हात मग पुढचा, त्याच्या मागचा,
एकेक पाठ ओलांडत माझ्यापर्यंत.
मी तो घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.

"इरफानला कोण सांगणार?" शलाका म्हणाली.
"आणि ओरड. तुझं तुलाच ऐकू येतंय."

मी लॅबमध्ये रक्त काढते.
मूठ आवळा. झालं. कापूस दाबून धरा.
दिवसभराचं बोलणं एवढंच,
घरी तर कुकर माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतो.
खड्डा, म्हटलं मी. खड्ड्यालाच ऐकू गेलं असेल.

दुगावच्या अलीकडे माझं पुढचं चाक
शलाकाच्या मागच्या चाकाला घासलं.
खर्र. पोटात गोळा.
कुणी रागावलं नाही.
मागे न बघता ती म्हणाली, "हातभर."
पुढे कितीतरी वेळ मी रस्त्यावर
तो हातभर मोजत होते.

गिरणाऱ्याआधी अण्णांनी कोपर हलवलं.
"ये पुढे. दोन मिनिटं. वेग तोच ठेव,
नवीन माणूस पुढे आला की हमखास वाढवतो."
मी वाढवला.
"वाढवलास गं!"

पुढे कुणाची पाठ नाही.
आतापर्यंत दुसऱ्यांनी अडवलेला सगळा वारा
एकदम तोंडावर.
वळण घेतलं तर मार्केटबाहेर पिकअप,
उलटलेले क्रेट, रस्ताभर लाल चिखल.
हात आपोआप कमरेमागे गेला.
पण याची खूण? ती शिकवलीच नव्हती.

"टोमॅटोऽऽ!"

कुणाचा हा आवाज, असं मलाच वाटलं.
मागून टोमॅटो, त्याच्या मागून टोमॅटो,
शेवटी इरफानचा, खर्जातला, टोमॅटो.
पिकअपवरचा पोऱ्या हमालीतून वर बघत ओरडला,
"साडेतीनशे क्रेट! किती पायजे?"

चहाला मी पर्स काढली.
"नव्यानं पहिल्या दिवशी पैसे द्यायचे नाहीत,"
अण्णा बशीत फुंकर घालत म्हणाले,
"दुसऱ्यांदा द्यायचे."
म्हणजे दुसऱ्यांदा यायचं,
हे मला परतीच्या उतारावर कळलं.

नऊला लॅब. पाय कुणा दुसऱ्याचे.
कॉरिडॉरमध्ये फरशी नुकतीच पुसलेली,
माझ्यामागे एक आजोबा, हातात बाटली.
माझा हात कमरेमागे गेला, बोट खाली.
दोन पावलांनी आठवलं,
त्यांना ही भाषा येत नाही.

तेव्हा ओरडले.
अख्खी ओपीडी जागच्या जागी थांबली.